पोलिसांची जुनी समज आणि मुलांच्या सान्निध्यातील नोकरी

इंग्लंड आणि वेल्समध्ये एखाद्या प्रौढ मनुष्याच्या हातून अपराध घडला, तो शाबीत करण्याइतका पुरावा पोलिसांपाशी जमला, त्या मनुष्याने अपराधाची कबुली दिली आणि तरीही खटला भरण्याने कोणाचेच हित साधणार नाही असे अंमलदारास वाटले, तर त्यास न्यायासनापुढे उभे न करता ठाण्यातच औपचारिक समज देऊन सोडण्याचा शिरस्ता फार जुना आहे. ‘कॉशन’ या नावाने ओळखली जाणारी ही समज तिच्या साध्या स्वरूपात कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नाही. पोलिसांच्या विवेकाधिकारातून ती उत्पन्न झाली आणि गृहखात्याच्या परिपत्रकांनी तिला वळण लावले. तिच्यात दंड नाही, कैद नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. एका कागदावर सही करून मनुष्य बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि प्रकरण मिटले असे समजून निर्धास्त होतो. पुढे दहा किंवा वीस वर्षांनी तो शाळेत, पाळणाघरात, मुलांच्या क्रीडासंघात वा बालरुग्णालयात काम मागावयास जातो, तेव्हा तो कागद दप्तरातून वर येतो की नाही, आला तर किती काळपर्यंत येत राहतो, आणि तो पाहून नोकरी देणाराने काय समजावे, या प्रश्नाने गेल्या पंचवीस वर्षांत त्या देशाच्या संसदेला, न्यायालयांना आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयालाही वारंवार गुंतवून ठेवले आहे. हा वाद म्हणजे एका बाजूस मुलांची सुरक्षितता आणि दुसऱ्या बाजूस व्यक्तीचे खाजगी आयुष्य असा सामना आहे, असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते त्याचे मर्म निराळे आहे. जुन्या नोंदीचा आजच्या कामाशी संबंध आहे की नाही हे कोणीतरी, केव्हातरी, विचारपूर्वक ठरवले पाहिजे, आणि ते ठरवण्याची जबाबदारी आज पुष्कळ प्रकरणांत कोणावरच नाही.

समजेचा पाया कबुलीवर असल्यामुळे ती कबुली कोणत्या परिस्थितीत दिली जाते इकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. ठाण्यात प्रथमच पाऊल टाकलेला, वकिलाचा सल्ला न घेतलेला, घरी मुले वाट पाहत आहेत या चिंतेने व्याकूळ झालेला मनुष्य समोर दोन वाटा पाहतो: एक खटल्याची, अनिश्चित आणि लांबची, दुसरी सहीची, तत्काळ सुटकेची. दुसरी वाट धरण्यास त्याला फारसा विचार करावा लागत नाही. समजेचे आमिष दाखवून कबुली काढून घेणे गैर आहे, असे लंडनमधील एका प्रकरणात 1997 सालीच उच्च न्यायालयाने ठरवून ती समज रद्द केली होती. आणि 2013 साली थेम्स व्हॅली पोलिसांच्या एका प्रकरणात, सही करताना या सहीचे पुढे काय परिणाम होतील हे त्या स्त्रीस नीट सांगितले गेले नाही एवढ्याच कारणासाठी, तिची संमती खरी संमती नव्हे असे म्हणून न्यायालयाने अनेक वर्षांपूर्वीची समज मोडून काढली. पण न्यायालयाची पायरी चढणारे अर्जदार थोडे असतात. 2007 साली, म्हणजे ही पद्धत कळसास पोचली तेव्हा, वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक समजा दिल्या जात होत्या, आणि त्या वेळी सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना पुढच्या आयुष्यातील परिणामांची कल्पना होती हे सांगणारा कोणताही दस्तऐवज या पद्धतीने मागे ठेवलेला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर संमतीचा हा पातळ पडदाही नव्हता. 1998 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी कॉशनची जागा ‘रेप्रिमांड’ आणि ‘फायनल वॉर्निंग’ या दोन पायऱ्यांनी घेतली, आणि त्या देण्यासाठी मुलाची किंवा पालकाची संमती आवश्यक राहिली नाही. 2005 मध्ये डरहॅम पोलिसांविरुद्धच्या खटल्यात चौदा वर्षांच्या मुलाला अशी अंतिम ताकीद देऊन लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत त्याचे नाव चढवल्याचा प्रश्न आला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कारवाई वैध ठरवली खरी, परंतु न्यायाधीश बॅरोनेस हेल यांनी निकालाशी सहमत होतानाच, मुलांच्या हक्कांच्या दृष्टीने आपल्या मनात गंभीर शंका आहेत हे नोंदवून ठेवले. 2013 साली ही दुपदरी योजना जाऊन ‘यूथ कॉशन’ आली. परंतु पूर्वीच्या नोंदी दप्तरात होत्या तशाच राहिल्या.

आता कायद्याकडे वळावे. 1974 साली ब्रिटिश संसदेने गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा जो कायदा केला, त्याचे तत्त्व असे की, ठराविक मुदत निर्वेधपणे लोटली म्हणजे जुना अपराध गत झाला असे मानावे आणि मनुष्याने तो कोणाला सांगण्याचे बंधन उरू नये. चमत्कारिक गोष्ट ही की, हा कायदा शिक्षा झालेल्यांसाठी होता, आणि समज ही शिक्षा नसल्यामुळे तिला या संरक्षणाची छाया मिळायलाच 2008 साल उजाडावे लागले. त्या वर्षाच्या 19 डिसेंबरपासून साधी समज ती देताक्षणीच गत झाली असे मानले जाऊ लागले. परंतु 1975 च्या अपवाद-आदेशाने शिक्षक, वैद्य, परिचारिका आणि मुलांमध्ये काम करणारे इतर पुष्कळ लोक या संरक्षणातून वगळलेले होते. सामान्य कारकुनाच्या दृष्टीने जी समज सहीबरोबरच संपली, तीच बालवाडीच्या सेविकेच्या दृष्टीने जन्मभर जिवंत राहिली.

या अपवादाला धार आली ती दप्तराच्या यंत्रणेमुळे. 1997 च्या पोलीस कायद्याच्या आधारे 2002 च्या मार्चमध्ये क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्यूरो सुरू झाला, आणि पूर्वी जी चौकशी पत्रव्यवहाराने, क्वचित आणि शिथिलपणे होत असे, ती देशव्यापी संगणकाच्या साह्याने लाखो लोकांच्या बाबतीत होऊ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंब्रिजशायरमधील सोहम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी गावातीलच माध्यमिक शाळेचा रखवालदार होता, आणि हंबरसाइड पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक अपराधांचे अनेक आरोप पूर्वी येऊन गेलेले असूनही त्याला नोकरी देताना त्यांतील काहीच शाळेपर्यंत पोचले नव्हते. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशी समितीने 2004 च्या जूनमध्ये दिलेल्या अहवालातून पुढची सारी इमारत उभी राहिली: 2006 चा दुर्बल घटकांच्या संरक्षणाचा कायदा, मुलांमध्ये काम करण्यास मज्जाव केलेल्यांची यादी, ती सांभाळणारे स्वतंत्र प्राधिकरण, आणि शेवटी 1 डिसेंबर 2012 रोजी ब्यूरो व प्राधिकरण यांच्या विलीनीकरणातून झालेली डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस, जिला सर्वजण डीबीएस म्हणतात. सोहमच्या आठवणीने ज्याचे मन हेलावत नाही त्याच्याशी या विषयावर बोलणे व्यर्थ आहे. पण त्या प्रकरणात चूक कुठे झाली हे मात्र नेमके ध्यानात ठेवले पाहिजे. तिथे जुनी समज दडून राहिली नव्हती. त्या आरोपांबद्दल समज किंवा शिक्षा कधी झालीच नव्हती. अनेक तक्रारींतून दिसणारा एक भयंकर आकृतिबंध पोलिसांच्या हाती असून कोणी एकत्र जुळवला नव्हता. त्याचा उपाय म्हणजे गुप्त माहितीची विचारपूर्वक छाननी; परंतु व्यवहारात त्याबरोबर असेही झाले की, प्रत्येक मनुष्याच्या प्रत्येक जुन्या नोंदीचा, मग ती कितीही क्षुल्लक असो, बिनविचार उच्चार होऊ लागला.

त्याचे परिणाम कसे होत हे न्यायालयांत गेलेल्या थोड्या प्रकरणांतून स्पष्ट दिसते. उत्तर आयर्लंडमध्ये 2000 साली एका आजीने, आपल्या मुलाचा संसार मोडून नातू ऑस्ट्रेलियास नेला जाणार या भीतीने, त्या तान्ह्या बाळाला घेऊन काही काळ घर सोडले. बाळ सुखरूप परत आले, आणि तिला अपहरणाबद्दल समज देण्यात आली. ही नोंद पाच वर्षांत पुसली जाईल असे तिला सांगण्यात आले होते. मध्यंतरी सोहम घडले, धोरण बदलले, नोंद आजन्म ठेवण्याचे ठरले, आणि 2006 मध्ये कुटुंबांना साह्य करण्याची जी नोकरी तिला देऊ केली होती ती समजेच्या नोंदीमुळे काढून घेण्यात आली. 13 नोव्हेंबर 2012 रोजी स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, अशा नोंदी ठेवण्याला व उघड करण्याला पुरेसे कायदेशीर बंधन नसल्यामुळे खाजगी आयुष्याचा आदर राखण्यास सांगणाऱ्या, युरोपीय मानवी हक्क करारातील आठव्या कलमाचा भंग झाला आहे.

पाठोपाठ इंग्लंडमधील प्रकरणे आली. एक मुलगा अकरा वर्षांचा असताना, 2002 मध्ये, दोन चोरीच्या सायकलींबद्दल ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी त्याला दोन ताकिदी दिल्या होत्या. सतराव्या वर्षी गावच्या फुटबॉल संघात अर्धवेळ काम मागताना, आणि पुढे क्रीडाशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेताना, त्या दोन्ही ताकिदी गुन्हेनोंदीच्या दाखल्यावर छापून आल्या. एका प्रौढ स्त्रीने 2001 साली दुकानातून कृत्रिम नखांचे एक पाकीट उचलले म्हणून तिला समज मिळाली. आठ वर्षांनी तिने शुश्रूषेच्या कामाचे शिक्षण पुरे केले तेव्हा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने तिचे नाव पुढे पाठवण्यास असमर्थता दर्शवली. 2013 च्या जानेवारीत अपील न्यायालयाने आणि 18 जून 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, अपराधाचे स्वरूप, त्याला लोटलेला काळ, त्या वेळचे वय आणि मागितलेल्या कामाशी त्याचा संबंध यांपैकी कशाचाच विचार न करता सरसकट सर्व नोंदी उघड करणारी 1997 च्या कायद्याची ती योजना मानवी हक्कांच्या कराराशी विसंगत आहे. या चार कसोट्या मला अतिशय महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या कोणत्याही सुबुद्ध मुख्याध्यापकाने स्वतःला विचारल्या असत्या अशाच आहेत. फक्त कायद्याने त्या विचारण्याची सोय ठेवली नव्हती.

सरकारने अपील न्यायालयाचा निर्णय येताच, 29 मे 2013 पासून, दाखल्यासाठी एक गाळणी लावली. कायम उघड होणाऱ्या गंभीर गुन्ह्यांची एक यादी ठरली, आणि तिच्यातल्या गुन्ह्यांखेरीज इतर गुन्ह्यांबद्दलची प्रौढाची समज सहा वर्षांनी आणि मुलाची दोन वर्षांनी दाखल्यावरून गळावी असा नियम झाला. शिक्षेसाठी मुदती अधिक लांब होत्या, आणि एकाहून अधिक शिक्षा असतील तर कितीही किरकोळ असोत, कितीही जुन्या असोत, सर्वच्या सर्व उघड व्हाव्यात असे ठरले. हा शेवटचा नियम किती कठोर होता हे 30 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या चार एकत्रित खटल्यांतून दिसते. त्यांतल्या एका स्त्रीला 1999 साली दुकानातून सँडविच चोरल्याबद्दल समज मिळाली होती, आणि थोड्याच महिन्यांनी नव्व्याण्णव पेन्सचे पुस्तक चोरल्याबद्दल आणि जामिनावर हजर न राहिल्याबद्दल शिक्षा. त्या वेळी ती बेघर होती आणि तिला जडलेल्या स्किझोफ्रेनियाचे निदानही झाले नव्हते. पुढे ती बरी झाली, शाळेत शिक्षकांना मदत करण्याचे काम करू पाहू लागली, आणि प्रत्येक अर्जापाशी तिला आपल्या आजाराचा सारा इतिहास अनोळखी माणसांपुढे उलगडावा लागे. दुसरा अर्जदार बारा-तेरा वर्षांचा असताना धाकट्या भावांबरोबर घडलेल्या बाललीलास्वरूप कृत्यांबद्दल त्याला लैंगिक गुन्ह्याच्या ताकिदी मिळाल्या होत्या. ग्रंथालयात काम करीत असता त्याच्यासाठी दाखल्याचा अर्ज भरला गेला, आणि नोंद उघड होईल या धास्तीने त्याने स्वतःच अर्ज मागे घेतला.

या दुसऱ्या तरुणाचा मामला मी विशेष मानतो. दाखला त्याच्याविरुद्ध वापरला गेलाच नाही. त्याच्या भीतीनेच तो दारातून परतला. या पद्धतीने होणाऱ्या हानीचा मोठा वाटा असाच असतो. ज्यांना नकार मिळाला त्यांची संख्या कोणीतरी काढू शकेल. ज्यांनी अर्जच केला नाही, शिक्षक होण्याची इच्छा मनातच जिरवली, मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर स्वयंसेवक म्हणून जाण्याचे टाळले, त्यांचा हिशेब कोण ठेवणार? सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यांचे वर्ग करून नियम लावण्याची पद्धत एकंदरीत मान्य केली, परंतु एकाहून अधिक शिक्षांचा नियम आणि मुलांना दिलेल्या ताकिदी उघड करण्याचा नियम हे दोन्ही प्रमाणाबाहेर आहेत असे ठरवले. न्यायाधीश लॉर्ड सम्प्शन यांचा मुद्दा असा की, मुलांना ताकीद देण्यामागे त्यांना फौजदारी न्यायाच्या चक्रापासून दूर ठेवून सुधारण्याचा हेतू होता, आणि तीच ताकीद आयुष्यभर उघड करणे म्हणजे त्या हेतूचाच घात करणे होय. 28 नोव्हेंबर 2020 पासून हे दोन्ही नियम गेले. अठरा वर्षांखालील कोणतीही समज वा ताकीद आता आपोआप दाखल्यावर येत नाही. ही सुधारणा मोठी आहे, आणि ती करवून घेण्यासाठी ज्यांनी नाव न सांगता का होईना, पण आपले दुःख न्यायालयापुढे मांडले, त्यांचे ऋण पुढच्या पिढीवर आहे.

प्रौढांच्या समजेचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. आजचा नियम असा की, यादीबाहेरच्या गुन्ह्याची समज सहा वर्षांनी गळते, आणि यादीतल्या गुन्ह्याची समज कधीच गळत नाही. यादीत जे गुन्हे आहेत त्यांतील बहुतेक खरोखरच घोर आहेत. पण यादी गुन्ह्याचे नाव पाहते, कृत्य पाहत नाही. 1933 च्या मुलांविषयीच्या कायद्यातील पहिल्या कलमाचे उदाहरण घ्या: मुलाकडे दुर्लक्ष करून त्यास विनाकारण यातना किंवा अपाय होईल अशा स्थितीत ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि तो यादीत आहे. याच एका कलमाखाली मुलाला उपाशी ठेवून छळणारा बापही येतो आणि दहा मिनिटांत परत येते असे म्हणून झोपलेले मूल मोटारीत ठेवून दुकानात गेलेली आईही येऊ शकते. इंग्लंडच्या कायद्यात मुलाला घरी एकटे ठेवण्याचे किमान वय सांगितलेले नाही. धोका होता की नाही हे अंमलदाराने प्रसंग पाहून ठरवावयाचे असते. तिथे परिचारिका, वैद्य आणि शिक्षक म्हणून काम करणारी जी मराठी कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरी धाकट्याला थोरल्याच्या ओटीत टाकून बाजारात जाणे हा पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज होता, त्यांनी हे विशेष जाणून असावे. कारण अशा प्रसंगी दिलेली समज तीस वर्षांनंतरही त्या आईच्या दाखल्यावर ‘मुलाशी क्रूरता’ अशा नावाखाली उभी राहील, आणि दाखला वाचणाराला मागची हकीकत त्यात सापडणार नाही.

मज्जावाच्या यादीबाबतही एकदा हेच घडले. 2006 च्या कायद्याच्या पहिल्या स्वरूपात काही गुन्ह्यांबद्दल समज मिळाली की मनुष्याचे नाव आपोआप यादीत चढे, आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी त्यास नंतर मिळे. मुलांना घरी एकटे ठेवल्याबद्दल समज मिळालेल्या परिचारिकांची नावे अशीच यादीत गेली. त्यांचा व्यवसाय बंद पडला. त्यांच्या संघटनेने, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने, दावा लावला, आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने म्हणणे न ऐकता आधीच मज्जाव करणे अन्याय्य ठरवले. समज सहीच्या वेळी शिक्षा नव्हे म्हणून दिली जाते, आणि यादीवर चढताना मात्र तिला शिक्षेचे वजन येते, यातली विसंगती त्या निकालाने उघडी पाडली.

याच्या उलट बाजूला जे सत्य आहे ते मी लपवू इच्छीत नाही. समज ही नेहमी किरकोळच गोष्टीची असते असे नाही. 2006 च्या जानेवारीत असे उघडकीस आले की, बालकांची अश्लील चित्रे पाहिल्याबद्दल समज मिळून लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असलेल्या एका व्यायामशिक्षकास शिक्षणखात्याने नॉरिचच्या शाळेत काम करण्याची मुभा दिली होती. तत्कालीन शिक्षणमंत्री रूथ केली यांना त्यासाठी संसदेत जाब द्यावा लागला, आणि लोकांचा संताप सर्वथा योग्य होता. जे प्रकरण न्यायालयात जावयास हवे होते ते समज देऊन आटोपण्याची सवय पोलिसांना लागली होती, हे त्यावरून दिसते. 2015 च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत अपवादात्मक परिस्थितीखेरीज समज देण्यास बंदी केली ती याच जाणिवेतून. म्हणजे जुन्या समजांच्या ढिगात चोरलेले सँडविचही आहे आणि जे मुलांपासून कायमचे दूर ठेवले पाहिजेत असे मनुष्यही आहेत. हे दोन प्रकार वेगळे करणे, हेच तर काम आहे. आणि गुन्ह्याच्या नावावरून ते पुरते साधत नाही.

आजच्या व्यवस्थेत हे काम अखेरीस नोकरी देणाराच्या माथी येते. 17 जून 2013 पासून दाखला फक्त अर्जदाराकडे जातो आणि त्याने तो नेऊन दाखवावयाचा असतो, ही सुधारणा चांगली झाली. नोंदीवरून निर्णय घेण्यापूर्वी अर्जदाराशी बोलावे, असेही डीबीएसचा आचारनियम सांगतो. परंतु ज्या मुख्याध्यापकास पुढे काही विपरीत घडले तर वृत्तपत्रांना तोंड द्यावयाचे आहे, त्याने दोन समान अर्जदारांतून निष्कलंक दाखल्याचा मनुष्य निवडला तर त्याला कोणी दोष देणार नाही, आणि नोंद असलेल्याला निवडले तर त्याची पाठ थोपटणाराही कोणी नाही. अशा माणसाकडून तारतम्याची अपेक्षा करणे म्हणजे आपले ओझे दुबळ्याच्या खांद्यावर टाकणे आहे. पोलिसप्रमुखांच्या हाती मात्र एक निराळा अधिकार आहे: विस्तृत दाखल्यासाठी जी माहिती कामाशी संबद्ध आहे असे त्यांना सयुक्तिकपणे वाटेल आणि जी देणे योग्य आहे, ती, गाळणीतून गळलेली असली तरी, ते देऊ शकतात, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बजावले आहे की, असे करताना मुलांची सुरक्षितता आणि अर्जदाराचे आयुष्य या दोहोंना समान वजन द्यावे, आणि शंका असल्यास आधी त्याचे म्हणणे ऐकावे. हा विवेकाधिकार नीट वापरला गेला तर सोहमसारख्या प्रकरणाचे उत्तर त्यातच आहे, आणि म्हणून सरसकट नोंदी छापल्या नाहीत तर मुले उघड्यावर पडतील हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा राहिलेला नाही. बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या घृणास्पद घटनेनंतर 2024 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेण्याबाबत निर्णय काढला, आणि 2020 च्या पोक्सो नियमांतही मुलांच्या संपर्कात येणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांबाबत अशी पडताळणी सांगितलेली आहे. ती व्हावी हे निर्विवाद आहे. पण आपल्या कायद्यातही दुसरी धारा आहे: 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्यात न्यायालयास अपराध्याला ताकीद देऊन सोडता येते, आणि त्याच कायद्याखाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता लागू नये अशी तरतूद आहे, 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलांना हेच संरक्षण आहे, आणि 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक बाबी लपवल्या गेल्या तरी नोकरी देणाराने त्याकडे दुर्लक्ष करण्याचा विचार करावा. इंग्लंडने जी चूक करून मग अनेक वर्षांनी दुरुस्त केली, ती टाळावयाची तर पडताळणीत काय आढळल्यास काय करावे याचे नियम पडताळणीबरोबरच लिहिले गेले पाहिजेत.

आणि इंग्लंडनेही आपल्या शेजाऱ्यांकडे पाहावे. उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे त्या आजीचा खटला उद्भवला, 2016 पासून एक स्वतंत्र परीक्षक आहे, आणि नियमाने उघड होणारी नोंद आपल्या बाबतीत दाखल्यावरून काढावी असा अर्ज त्याच्याकडे करता येतो. अठरा वर्षांखालच्या नोंदींचा विचार तो अर्जाशिवायही करतो. स्कॉटलंडमध्ये 2020 च्या कायद्याने, जो 2025 च्या एप्रिलपासून अंमलात आला, दाखला प्रथम अर्जदारापुढे ठेवला जातो, नोंद वगळण्याची मागणी करण्यास त्याला मुदत मिळते, स्वतंत्र परीक्षकापर्यंत जाता येते, आणि मगच तो नोकरी देणाराच्या हाती पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये यादीतल्या गुन्ह्याची समज घेतलेल्या प्रौढास असे कोणतेही दार नाही; पोलिसांच्या मध्यवर्ती संगणकावरील नोंद शंभर वर्षांच्या वयापर्यंत राहते, आणि ती काढून टाकण्याचा अर्ज फक्त अपवादात्मक परिस्थितीत मान्य होतो. 2019 च्या निकालात न्यायालयाने असा वैयक्तिक फेरविचार कराराने बंधनकारक नाही असे म्हटले, पण तो करू नये असे म्हटलेले नाही. ते काम संसदेचे आहे. गुन्ह्याच्या नावापलीकडे जाऊन घडलेले कृत्य पाहील, त्या वेळची परिस्थिती आणि नंतरची वर्षे विचारात घेईल, मागितलेल्या कामाचे स्वरूप त्याच्याशी ताडून बघेल, आणि धोका खरा आहे असे वाटल्यास नोंद निःशंकपणे उघड ठेवील असा एक परीक्षक नेमण्यासाठी नवे तत्त्व शोधावे लागत नाही: बेलफास्ट आणि एडिंबरो येथील कायदे त्या संसदेपुढे तयार आहेत.